तोयोहाशीला न जाणारी गाडी

"मुरामात्सु-सान, तुमची गाडी तोयोहाशीला जातच नाही."

हे वाक्य सागिसाकाने रविवारी दुपारी, शेजाऱ्यांच्या घरात, बुटक्या टेबलाखालच्या उबेत पाय सारता सारता उच्चारलं. आणि तेही अगदी खुशीत. शाळेत अडलेलं गणित घरी आल्यावर सुटावं आणि पोराने ओरडतच स्वयंपाकघरात शिरावं, तसं. तो इथेच थांबला असता तरी निभावलं असतं. पण सागिसाका पडला इंजिनं बनवणारा माणूस. असल्या माणसांचं नुसतं उत्तर सांगून समाधान होत नाही, त्यांना रीतही दाखवायची असते.

"ऑइलची पट्टी काढून बघितली," तो म्हणाला. "ऑइल कमी व्हायचं, तर वरच्या खुणेच्याही वर चढलंय! वास घेतला, तर पेट्रोलचा. प्लग काढले, तर तिन्हींवर काजळी. म्हणजे या हिवाळ्यात हे इंजिन एकदाही धड तापलेलं नाही. तोयोहाशीपर्यंत गाडी गेली असती, तर ऑइलमधलं पेट्रोल वाटेतच उडून गेलं असतं. ही गाडी जाते कुठेतरी इथेच जवळ. तिथे उभी राहते. थंडी वाजली की कोणीतरी हीटरपुरती चालू करतं, मग बंद करतं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सकाळभर!"

टेबलाच्या पलीकडे मुरामात्सु बसले होते. चिझुकोबाईंनी तव्यावरून नुकताच उलटा केलेला ग्योझांचा, म्हणजे खिमा-कोबी भरलेल्या छोट्या करंज्यांचा, गोल ताटात मांडला होता आणि मधोमध उकडलेल्या मोडांचा ढीग घातला होता. नवराबायको दोघंही त्या ढिगाकडे अशी बघत होती, जणू त्यात कोणाला तरी पुरलं आहे.

मुरामात्सु रोज सकाळी टाय लावून, बायकोने भरलेला डबा घेऊन, तोयोहाशीच्या कारखान्यात जात होते आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येत होते. कारखान्याने त्यांना झाडांची पानं गळायच्या आधीच घरी बसवलं होतं, ही गोष्ट त्या खोलीतल्या तिघांपैकी एकालाच ठाऊक होती. आता बाईंनाही कळली. सगळ्यात शेवटी कळली ती सांगणाऱ्याला. तोवर त्याने पहिला ग्योझा तोंडात टाकला होता, आणि तो ना गिळता येत होता ना बाहेर काढता येत होता.

"गरम आहेत तोवर खा," चिझुकोबाई म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. तिघांनीही खाल्लं.

निघताना बाईंनी उरलेले ग्योझा नेहमीप्रमाणे डब्यात भरून त्याच्या हातात दिले. अगदी नेहमीप्रमाणे, दोन्ही हातांनी दिले, हे जास्त वाईट झालं. दार लावताना मुरामात्सु एवढंच म्हणाले, "नाक चांगलं आहे रे तुझं."

सागिसाकाचं नाक खरंच चांगलं होतं. त्याखेरीज त्याच्याकडे सांगण्यासारखं फार काही नव्हतं. शिन्शूच्या डोंगरातल्या एका लहान गावातून तो तंत्रशाळा शिकून हामामात्सुला आला आणि गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या इंजिन खात्यात चिकटला. चिकटला तो चिकटलाच. काम म्हणजे पाण्याच्या वाटा आखायच्या. सिलिंडरभोवती पाणी कुठून शिरावं, कुठे वळावं, कुठे जरा रेंगाळावं आणि किती गरम होऊन बाहेर पडावं, हे ठरवणारा माणूस. तेही छोट्या इंजिनात, जिथे बोट शिरायला जागा नाही तिथे पाण्याला जागा करून द्यायची. मोठ्या इंजिनाचं नाव निघालं की लोक भुवया उंचावतात. छोट्या इंजिनाचं निघालं की विचारतात, "पेट्रोल किती खातं?" सागिसाकाच्या इंजिनाबद्दल जगाने आजवर याहून वेगळं काही विचारलं नव्हतं.

पहिल्या रेघेपासून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत एका इंजिनाला साधारण चार वर्षं लागतात. त्याचं लग्नही तेवढंच टिकलं. फरक इतकाच, की इंजिन खोलून, सुटे भाग पांढऱ्या कापडावर ओळीने मांडून, कुठे घासलं ते बघता येतं. बायको मात्सुमोतोला माहेरी निघून गेली तेव्हा मांडून बघण्यासारखं मागे काही राहिलं नव्हतं. भाताचा कुकर तेवढा होता, तोही नंतर तिने मागवून घेतला.

मग तो या चाळवजा इमारतीत राहायला आला. शेजारी मुरामात्सु. दोन बाल्कन्यांच्या मधे एक पातळ फळी होती. आग लागली तर लाथ मारून फोडावी आणि शेजारच्या घरातून पळावं, म्हणून मुद्दाम पातळ ठेवलेली. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्या फळीवर पळी वाजली. टक टक, टक. सागिसाका घाबरून बाहेर आला.

"आग लागली का?"

"ग्योझा जास्त झालेत," पलीकडून मुरामात्सुंचा आवाज आला. "विझवायला या."

तेव्हापासून दर रविवारी पळी वाजायची. आठवड्याचे बाकीचे दिवस सागिसाका कंपनीत 'हो', 'नाही' आणि 'बघतो' एवढ्यावर काढायचा. पण रविवारी त्याला बोलायला मिळायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला कोणीतरी टोमणे मारायचं. मुरामात्सु वयाने मोठे, ते त्याला सरळ 'तू' म्हणायचे. "तुझ्या इंजिनाला तीनच सिलिंडर का? चौथा तू घरी नेलास काय?" असलं काहीतरी. त्याच्या सांगण्यावरूनच त्यांनी त्याच्या इंजिनाची गाडी घेतली होती. त्याची परतफेड म्हणून, दुसरं काही येत नसल्यामुळे, सागिसाका दर ऋतूत एकदा त्यांची गाडी तपासून द्यायचा. डबा मात्र रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात दुकानातली तांदळाची बिस्किटं घालून वेळ मारून न्यायचा.

त्या रविवारनंतरच्या रविवारी एन्शूचा, म्हणजे इथल्या किनारपट्टीचा, हिवाळी कोरडा वारा सुटला होता. फळी वाजली. सागिसाका मोजे चढवून, डबा घेऊन बाल्कनीत गेला. वाराच होता. परत आत येऊन बसला. पुन्हा वाजली. वाराच असणार हे ठाऊक असूनही तो पुन्हा उठला. दुपार टळेपर्यंत वाऱ्याने त्याला असं इतक्यांदा उठवलं, की शेवटी तो बाल्कनीच्या दाराशीच बसून राहिला, म्हणजे निदान उठण्याचे कष्ट वाचतील. पलीकडे तव्याचा आवाज येत नव्हता. टीव्हीचा येत होता, पण माणसं बघताना येतो तसा नाही. कोणी बोलू नये म्हणून लावून ठेवल्यावर येतो तसा.

त्या आठवड्यात खात्यात बैठक झाली. विषय तोच, ज्यामुळे सागिसाका त्या दिवशी इतका खूश झाला होता. बर्फाच्या भागातून तक्रारी येत होत्या की नव्या इंजिनात ऑइल आपोआप चढतं. पेट्रोल सिलिंडरच्या थंडगार भिंतीवर उडतं, जळत नाही, ओघळून खाली ऑइलमध्ये जातं. इंजिन तापलं की उडून जातं. पण तापलंच नाही तर साठत राहतं, ऑइल पातळ होतं आणि आतले भाग एकमेकांना खाऊ लागतात. सागिसाकाचं म्हणणं होतं की भिंती लवकर तापायला हव्यात, म्हणून सुरुवातीला तिथलं पाणी थोपवायला हवं. खातेप्रमुख ओगुरी वयाने त्याच्याहून लहान, स्वभावाने सभ्य. पण चाचणीच्या प्रत्येक यंत्राचा आठवडा आधीच भरलेला असताना त्यात नवी चाचणी घुसवायला तो तयार नव्हता.

"सागिसाका-सान, आपल्या चाचणीत सगळ्यात वाईट गिऱ्हाईक कोण? आजी. घरून निघते, भाजी घेते, परत येते. तिच्याही गाडीत ऑइल खुणेच्या आतच राहतं. गाडी चालू करायची आणि कुठे जायचंच नाही, असं कोण करतं?"

"असेल एखादा."

"तुम्हाला माहीत आहे का कोणी? त्याची गाडी आणा. ऑइल तपासू, त्याला चार प्रश्न विचारू, मग मीच वर भांडतो तुमच्यासाठी."

सागिसाकाच्या तोंडाशी नाव आलं होतं. शेजारच्याच घरातलं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या माणसाला एकदा त्याने बायकोसमोर उघडं पाडलं होतं. आता खात्यासमोर पाडायचं तेवढं राहिलं होतं.

"कोणी माहीत नाही," तो म्हणाला. "मीच होतो तसा गिऱ्हाईक. मला एक गाडी द्या आणि सकाळच्या वेळा द्या."

"आणि जाणार कुठे?"

"कुठेच नाही."

ओगुरीने गाडीच्या परवान्यावर कामाच्या रकान्यात काय लिहावं याचा बराच विचार केला. शेवटी त्याने 'थांबणे' असं लिहिलं.

सानारू तळ्याच्या बाजूला एक मोठं किराणा दुकान आहे. त्याच्या मागच्या आवारात सागिसाकाने गाडी लावली. मागच्या सीटवर ऑइलचे नमुने घ्यायच्या काचेच्या नळ्या, मांडीवर घड्याळ, डॅशबोर्डवर भाताचा गोळा. इंजिन चालू, हीटर, इंजिन बंद. ठरल्या वेळाने पुन्हा चालू. पहिल्या सकाळी त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. दुसऱ्या सकाळी त्याच्या लक्षात आलं की आवारात आणखीही काही गाड्या रोज त्याच जागी असतात. सीट मागे पाडलेली, काचा धुकटलेल्या. एकातल्या माणसाच्या गळ्यात टाय होता. त्यांच्यातला कोणी कोणाकडे बघत नव्हता. भाताचा गोळा हीटरच्या झोतासमोर धरूनही गार लागत होता. पुढे पुढे सागिसाका घड्याळाकडे नियमासाठी नव्हे, दुपार कधी होते यासाठी बघू लागला. दिवसभरात आपण कोणाशीही एक शब्द बोललो नाही, हे त्याला संध्याकाळी खोकला आला तेव्हा कळलं. स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला.

एका सकाळी काचेवर वाजलं. टक टक, टक.

त्याने बाहीने धुकं पुसलं. बाहेर मुरामात्सु उभे होते, पायीच आले होते, खांदे वाऱ्याने कानापर्यंत गेलेले. काही क्षण ते त्याच्याकडे आणि भाताच्या गोळ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला, की सागिसाकाने तो तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"तुलाही काढलं?"

"नाही, नाही. काम चालू आहे."

"हो, हो. मीही हेच सांगायचो."

"खरंच काम चालू आहे, मुरामात्सु-सान. हे ऑइल—"

मुरामात्सु दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. "माझ्यासमोर नको रे. मला सगळं पाठ आहे. फक्त टाय लावत जा. टाय नसला की माणूस लगेच ओळखू येतो."

मग सागिसाकाने मागच्या नळ्या दाखवल्या, त्यावरचे खात्याचे शिक्के दाखवले, ओगुरीचं 'थांबणे' दाखवलं. मुरामात्सुंनी ते दोनदा वाचलं. कोणीतरी आपल्याला सामील झालं म्हणून झालेला त्यांचा आनंद हळूहळू उतरत गेला, आणि त्या जागी आधी राग आला, मग हसू.

"म्हणजे मी चोरून बसायचो, आणि तू शिक्का घेऊन बसतोस!"

"हो."

"आणि तेही चुकीचं बसतोस." त्यांनी घड्याळ उचलून मागे टाकलं. "घड्याळ बघून कोणी गाडी चालू करत नाही. पायाची बोटं हाताला लागेनाशी झाली की करतात. आणि ऊब येईपर्यंत चालू ठेवतोस तू. ते कसं चालेल? इंजिनाचा आवाज आला की लोक वळून बघतात. चिझुकोची मैत्रीण इथेच मुळे घ्यायला येते. तिची निळी गाडी वळणावर दिसली की बंद! काच पुसायची नाही, तेवढाच पडदा."

"म्हणजे गरम व्हायच्या आधीच बंद करायची?"

"दर वेळी."

इंजिनासाठी ही सगळ्यात वाईट चाल होती. इंजिन बनवणाऱ्याने कितीही डोकं खाजवलं असतं तरी त्याला ती सुचली नसती. त्यासाठी निळ्या गाडीची भीती वाटायला हवी.

"आता का आलात इथे?" त्याने विचारलं.

"नोकरी शोधून देणाऱ्या कचेरीत जायचा रस्ता हाच. गाडी आता चिझुकोकडे असते. ती काम करायला जाते." मुरामात्सुंनी हात हीटरपुढे धरले. "त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही त्या विषयावर. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. अजून रोज डबा भरते. मी घरातच बसून तो उघडून खातो. तोही जुना डबा, झाकण न बसणारा. चांगला तुझ्याकडे राहिलाय."

"आणून देतो."

"आण."

"फळी वाजली नाही, म्हणून मला वाटलं—"

"त्या फळीला एकच बाजू आहे काय रे?" असं म्हणून मुरामात्सु उतरले आणि कॉलर वर करून चालू लागले.

सागिसाका बसून राहिला. इतक्या वर्षांत फळीवर त्याने एकदाही वाजवलं नव्हतं. पळी होती, फळी होती, रविवारही होते. बोलावणाऱ्याने बोलवायचं आणि आपण जायचं, अशी वाट त्याने एकदा आखून घेतली होती, आणि त्यात उलट्या दिशेने काही वाहू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हा म्हणे पाण्याच्या वाटा आखणारा!

डबा परत करायचा तर रिकामा नाही, आणि बिस्किटं घालून तर मुळीच नाही. त्याने ठरवलं, ग्योझा करायचे. कोबी चिरला, डुकराचा खिमा आणला, विकतच्या पाऱ्या आणल्या. केसाच्या जाडीएवढी चूकही पकडणारा हा माणूस, पण मुरड घालताना पारी एक तर फाटे, नाही तर तव्यावर तोंड उघडून सारण ओकून टाके. चिझुकोबाई बोलता बोलता, टीव्ही बघता बघता मुरडी घालायच्या. तेव्हा ते बघावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. रविवार गेला. पुढच्या रविवारीही त्याने हातात पळी घेऊन बाल्कनीत चक्कर मारली, डब्यात घालण्यासारखा एकही ग्योझा जमला नाही म्हणून पळी परत ठेवली, आणि म्हणाला, पुढच्या खेपेला.

मुरामात्सुंच्या चालीने घेतलेलं ऑइल मात्र ओगुरीच्या टेबलावर पोचलं. हातावर घेतलं तर ते पाण्यासारखं धावत होतं. ओगुरीने ते बोटांवर चोळलं, नाकाला लावलं आणि फोन उचलला. पाणी थोपवायची नवी झडप बसवायला परवानगी मिळाली नाही. पण इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधल्या पातळ पत्र्याला पाण्यासाठी जी भोकं असतात, ती लहान करायला मिळाली. जरा कमी पाणी, जरा लवकर तापणारी भिंत. सोबत पेट्रोलचा एकच मोठा फवारा मोडून त्याचे बारीक तुकडे केले. मग ते इंजिन घेऊन सागिसाकाला होक्काइदोच्या बर्फात चाचणीसाठी पाठवलं. तिथे तो त्याच चालीने चालू-बंद करत राहिला. ऑइल वरच्या खुणेच्या खाली राहिलं. त्याला वाटलं, हे पहिल्यांदा मुरामात्सुंना सांगायचं.

परत आला तेव्हा वारा पडला होता. त्याच्या दाराच्या कडीला संत्र्यांची जाळीची पिशवी लटकत होती. साली सुटायला लागलेली, हिवाळाभर साठवून गोड झालेली मिक्काबीची संत्री. शेजारच्या दारावरची नावाची पट्टी गेली होती.

"मिक्काबीला गेले," खाली जिना झाडणारे म्हातारे म्हणाले. "बाईंच्या भावाच्या बागेत. दोनदा तुमची बेल वाजवली त्यांनी."

"काही निरोप?"

"साहेब काही म्हणाले नाहीत. बाई म्हणाल्या, डब्याची घाई नाही."

वर येऊन सागिसाका बाल्कनीत गेला. त्याने पळीने फळीवर वाजवलं. टक टक, टक. पलीकडच्या खोल्यांत सामान नसलं की आवाज कसा लांब जाऊन परत येतो, ते त्याच्यासारख्या माणसाला सांगायला नको होतं. तरी त्याने आणखी एकदा वाजवून बघितलं.

इंजिन पुढच्या वर्षी बाजारात आलं. खात्याच्या चाचण्यांत आता एक नवी चाल कायमची दाखल झाली आहे : चालू करणे, गरम होण्याआधी बंद करणे, कुठेही न जाणे. ओगुरीने कौतुकाने तिला 'सागिसाका चाल' असं नाव दिलं. हे नाव चुकीचं आहे असं सागिसाका म्हणू शकत नाही, कारण मग बरोबर नाव सांगावं लागेल. नवीन मुलं चाचणीच्या खोलीत ओरडतात, "आज सागिसाका लावलाय का रे?" आणि हसतात.

मिक्काबी तसं लांब नाही. इंजिन छान तापेल, ऑइल स्वच्छ होईल, इतकंच लांब. पण आता डब्याबरोबर संत्र्यांची परतफेडही आली, आणि पाऱ्या अजून ऐकत नाहीत. या रविवारीही मुरड उलगडली. सागिसाकाने सगळं सारण तव्यावरच परतलं, ओट्याशी उभ्या उभ्या खाल्लं, आणि तवा घासता घासता, न वापरलेला तो डबाही पुन्हा एकदा धुऊन पालथा घातला.